मोगलाईची हद्द

पुण्याहून आमच्या लिंबागणेशला जायचे तर एस.टी. आधी नगर गाठते. नगर सोडले की कडा, आष्टी, मग जामखेड, मग पाटोदा आणि पुढे लिंबागणेश. गाडी तशीच पुढे मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला जाते. गेली पन्नास वर्षे या वाटेने मी दिवाळीला गावी जातो आहे. वाटेतली झाडे, धाब्यांची नावे, उसाच्या रसाची गुऱ्हाळे, सगळे बदलले. बदलली नाही ती एक गोष्ट, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ही गाडी नगर जिल्ह्यातून निघते, कड्याच्या अलीकडे बीड जिल्ह्यात शिरते, जामखेडला पुन्हा नगर जिल्ह्यात येते आणि पाटोद्याच्या बाजूला पुन्हा बीड जिल्ह्यात जाते. सरळ वाटेवर तीनदा हद्द ओलांडायची! नकाशा काढणाऱ्याचा हात थरथरला होता की काय, असे लहानपणी मला वाटे.

हात थरथरला नव्हता. ही रेघ आमच्या जिल्हा परिषदांनी आखलेली नाही, महाराष्ट्र सरकारनेही आखलेली नाही. एके काळी ही इंग्रजांच्या मुलखाची आणि हैदराबादच्या निजामाच्या राज्याची सरहद्द होती. आमची आजी जामखेडकडची. तिच्या माहेरची माणसे आमच्या गावाला 'मोगलाई' म्हणत, आणि आमच्या गावची माणसे तिच्या माहेराला 'इंग्रजी' म्हणत. इंग्रजीतली लेक मोगलाईत दिली, असे तिच्या लग्नाचे वर्णन होई. आजही पुण्या-सोलापूरकडे कोणी मनमानी केली की लोक विचारतात, "मोगलाई लागून गेली की काय?" विचारणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते, की मोगलाई नावाचा खराखुरा प्रदेश होता, त्यात माणसे नांदत होती आणि त्यांतली काही आमची होती.

आमचे गाव बालाघाटाच्या डोंगररांगांत वसलेले. माती मुरमाड, पाऊस लहरी. ज्वारी-बाजरी आणि अलीकडे कापूस. गावाचे नाव मोठे ते भालचंद्र गणपतीमुळे. गणपतीला हसल्याबद्दल चंद्राला शाप मिळाला आणि त्या शापातून तो इथे सुटला, अशी कथा लहानपणी देवळाच्या ओवरीत बसून आम्ही ऐकत असू. शाप मिळतो एका क्षणात, फिटायला मात्र युगे लागतात, एवढे त्या कथेतून मनात राहिले. पुढे इतिहास शिकवू लागलो तेव्हा या बोधाचा फार उपयोग झाला.

१७२४ साली साखरखेर्ड्याची लढाई जिंकून पहिल्या निजामाने दक्षिणेत आपली गादी स्थिर केली. त्यानंतरची पाऊणशे वर्षे मराठे आणि निजाम यांची झुंज आमच्याच परिसरात चालली होती. १७६३ मध्ये गोदावरीकाठी राक्षसभुवनला निजामाचा मोठा पराभव झाला, ते गाव बीड जिल्ह्यातले. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याची लढाई झाली, ते जामखेड तालुक्यात, आमच्या गावापासून एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर. त्या काळी हद्द होती, पण ती हलती होती. कधी चौथ, कधी जहागीर, कधी दोन्ही सरकारांचा एकाच गावावर अंमल. आज पाटील एकाला वसूल देई, उद्या दुसऱ्याला. फार त्रासाची गोष्ट होती खरी. पण मुलूख कोणाचा या प्रश्नाला एकच एक उत्तर असलेच पाहिजे, असा हट्ट त्या काळी नव्हता.

हा हट्ट इंग्रजांबरोबर आला. १७९८ साली निजामाने तैनाती फौज स्वीकारली आणि हैदराबादेत इंग्रज रेसिडेंटचा शब्द हळूहळू नवाबाच्या शब्दाहून वजनदार झाला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि नगरचा मुलूख कंपनी सरकारचा झाला. मग दोन सरकारांत गावांची वाटणी ठरू लागली. १८२२ च्या तहाने तिला आणखी आकार आला. पूर्वीच्या जहागिरी आणि वाटण्या जशा विखुरलेल्या होत्या, तशीच ती रेघ विखुरली. जामखेडची इंग्रजी गावे मोगलाईच्या गावांत तुटक-तुटक पेरल्यासारखी राहिली. जी गोष्ट पूर्वी वहीवाटीची होती ती आता दगडाची आणि कागदाची झाली. १८८४-८५ मध्ये बर्लिनला युरोपीय सत्तांनी टेबलाभोवती बसून आफ्रिका खंडावरच्या आपल्या मालकीचे नियम ठरवले, १९४७ मध्ये रॅडक्लिफसाहेबांनी काही आठवड्यांत पंजाब आणि बंगाल कापले. त्या मोठ्या रेघांच्या कथा जगाला ठाऊक आहेत. आमच्या बैलगाडीच्या वाटेवरची रेघ लहान. पण जात तीच.

निजाम आपल्या राज्याचा धनी होता असे म्हणायचे. त्याचे राज्य होते ८२ हजार चौरस मैलांहून मोठे, स्वतःचे नाणे, स्वतःचा टपाल तिकिटाचा कागद, स्वतःची कालगणना. पण इंग्रजी फौजेच्या खर्चापायी वऱ्हाड प्रांत १८५३ साली त्याच्या हातून गेला, आणि त्याच फौजेची, म्हणजे हैदराबाद कंटिंजंटची, एक छावणी आमच्याच जिल्ह्यात मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होती. गुलामीचा असा दुमजली वाडा होता. तळमजल्यावर रयत, माडीवर निजाम आणि छपरावर इंग्रज. खालच्याने कितीही हाक मारली तरी छपरावरचा म्हणे, 'हा घरधन्याचा प्रश्न आहे'. आणि घरधनी छपराकडे बोट दाखवी. इंग्रजी मुलखातल्या माणसाला आपला शत्रू कोण हे एका शब्दात सांगता येई. आमच्या आजोबांना ते सांगायला दोन शब्द लागत, आणि दोन्ही शब्द मोठ्याने उच्चारायची सोय नव्हती.

ही रेघ सामान्य माणसाला कशी भेटे? नाक्यावर भेटे. नाक्यावर करोडगिरीचे शिपाई असत. करोडगिरी म्हणजे जकात. बाहेरून येणाऱ्या मालावर शेकडा पाच घ्यायची. आजी माहेराहून येताना नवे लुगडे घडी मोडून नेसून येई आणि जुने गाठोड्यात बांधी, म्हणजे शिपायाला नवे काही सापडू नये. नाक्यापलीकडे रुपया बदले. इंग्रजी रुपया कलदार, निजामाचा हाली. सुमारे सात हाली दिले की सहा कलदार मिळत. मामलेदाराचा तहसीलदार होई, कलेक्टरचा अव्वल तालुकदार होई, कुलकर्ण्याचा पटवारी होई. सालसुद्धा बदले, मोगलाईत फसली सन चाले. कचेरीची भाषा उर्दू. गावच्या चावडीत मात्र पटवारी मोडी मराठीतच लिही. असा आमचा शेतकरी पिकवी मराठीत, त्याचा हिशेब होई मोडीत आणि त्याचा निकाल लागे उर्दूत. स्वतःच्या जमिनीबद्दल काय लिहिले आहे हे त्याला दोन माणसांच्या तोंडून कळे, आणि दोघांनाही काही द्यावे लागे.

सभा भरवायची तर परवानगी. हैदराबाद संस्थानातली 'गश्ती ५३' ही याच कामाची कुप्रसिद्ध आज्ञा. व्याख्यान असो, कीर्तनाच्या निमित्ताने जमलेली मंडळी असोत, सरकारला आधी कळवा. खासगी शाळा काढायची तरी परवानगी, तालीम काढायची तरी परवानगी. म्हणून मराठवाड्यातल्या चळवळीचा जन्म शाळांत आणि वाचनालयांत झाला. स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात आले, ते मुख्याध्यापक म्हणून. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस निघते न निघते तोच तिच्यावर बंदी आली, त्याच वर्षी विद्यार्थ्यांनी वंदे मातरमसाठी वर्ग सोडले. आणि ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नडजवळच्या मक्रणपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत अस्पृश्यांची परिषद भरली. तळमजल्याच्याही खाली एक तळघर होते आणि त्यात कोणी राहत होते, याची आठवण त्या परिषदेने मराठवाड्याला करून दिली.

या साऱ्या गोष्टीत मला एक नवल वाटत आले आहे. जी रेघ माणसांना अडवण्यासाठी आखली, तीच रेघ अडवलेल्यांना आडोसा देऊ लागली. इंग्रजांचा ससेमिरा लागला की वासुदेव बळवंत फडके निजामी मुलखाकडे वळतात आणि तिकडे रोहिल्यांची जमवाजमव करू पाहतात. निजामाचे वॉरंट निघाले की आमच्याकडचे कार्यकर्ते रातोरात जामखेड-बार्शीकडे जातात. बीडच्या बाजूला बंडे काही थोडी झाली नाहीत. १८१८ मध्ये धर्माजी प्रतापरावांनी शस्त्र उचलले. त्यांना पकडायला निजामाच्या घोडेस्वारांबरोबर इंग्रज लेफ्टनंट सदरलँड आला होता. माडी आणि छप्पर अशा वेळी एक होत. सत्तावनच्या वणव्यात नानासाहेबांचे पत्र घेऊन फिरणारे रंगराव पागे पकडले गेले आणि काळ्या पाण्यावर गेले. ते पेशाने पटवारी होते. पुन्हा १८९८-९९ च्या सुमारास बीडकडे बाबासाहेब ऊर्फ रावसाहेब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माणसाने घोडी आणि हत्यारे जमवून उठाव केला. या सगळ्यांना रेघेची पुरती जाण होती. हद्दीजवळ राहणाऱ्याला भूगोल शिकवावा लागत नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला जामखेडला तिरंगा चढला. लिंबागणेशला चढला नाही. आजीचा भाऊ त्या दिवशी पेढे घेऊन निघाला आणि नाक्यावरून परत गेला, अशी आमच्या घरची आठवण आहे. तेरा महिने आम्ही पारतंत्र्यात अधिक काढले. त्या तेरा महिन्यांत नगर आणि सोलापूर जिल्ह्यांच्या सरहद्दीवर स्टेट काँग्रेसची सशस्त्र शिबिरे उभी राहिली. शिबिरांतली पोरे रात्री हद्द ओलांडून येत. शिंदीची झाडे तोडत, कारण शिंदीच्या अबकारीवर सरकारची तिजोरी भरे. लेव्हीचे धान्य देऊ नका म्हणून सांगत. करोडगिरीचे नाके जाळत. आणि चावडीवर छापा घालून पटवाऱ्याचे दप्तर बाहेर काढून त्याची होळी करत. रझाकारांचा जाच दुसऱ्या बाजूने चालूच होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शस्त्र खाली ठेवले.

त्यानंतर जे झाले तेही लिहिले पाहिजे. रझाकारांचा सूड म्हणून अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान शेजाऱ्यांचे बळी गेले. पंडित सुंदरलाल समितीने त्याच वर्षी फिरून याचा अहवाल सरकारला दिला आणि तो कित्येक दशके लोकांसमोर आलाच नाही. माझे वडील या विषयावर कधी बोलत नसत. एकदाच म्हणाले होते, "राजा गेला हैदराबादेत, आणि हिशेब चुकता केला आपण गल्लीत."

पुढचा इतिहास आपण शाळेत शिकलो. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला, एकमेकांच्या पोटात शिरलेली गावे त्याच वर्षी बऱ्याच अंशी अदलाबदल होऊन मार्गी लागली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. सरहद्द संपली. उरली ती जिल्ह्याची साधी सीमा.

पण ती खरोखर संपली का? नगरहून येताना खिडकीतून पाहावे. प्रवरेच्या खोऱ्यात इंग्रजांनी भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे केले, त्याच्याही आधी १८८५ मध्ये नीरेचा डावा कालवा वाहू लागला होता. दुष्काळावरचा खर्च वाचावा आणि पाणीपट्टी मिळावी हा सरकारचा हेतू. त्या पाण्यावर ऊस आला, उसावर कारखाने आले, १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला आणि त्यातून एक सारे राजकारण जन्मले. निजामाने निजामसागर बांधला तो तेलंगणात. आमच्या बालाघाटाला पाणी आणण्याची गरज ना निजामाला वाटली, ना इंग्रजांना. आगगाडीचे तसेच. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मार्ग झाला तो जालना-परभणीवरून, बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली. दोन्हींच्या मधोमध बीड कोरडेच राहिले. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला परळीला गाडी आली, पण बीड शहराने आगगाडीची शिटी ऐकली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. मुक्तिदिनाच्या दिवशी, मुक्तीला सत्त्याहत्तर वर्षे झाल्यावर!

म्हणून दर दिवाळीनंतर आमच्या गावात एक देखावा दिसतो. भाऊबीज झाली की मुकादमाचे ट्रक येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली असते आणि ती बहुधा खर्चूनही झालेली असते. भांडी, पालाचे कापड, एखादी शेळी, दुधाची पोरे, असा संसार ट्रकवर चढतो आणि पश्चिमेकडे निघतो, जामखेडवरून, आष्टीवरून, त्याच वाटेने. हद्द पुसली, पण पाणी ज्या बाजूला होते त्याच बाजूला राहिले, आणि घाम या बाजूने त्या बाजूला वाहतो आहे. स्वतंत्र राज्यकर्त्यांनी काही केले नाही असे नव्हे. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये झाली आणि गोदाकाठ हिरवा झाला. पण डोंगरावरच्या गावांना ते पाणी खाली वाहताना ऐकूच येते, इतकेच.

इथवर मी तुम्हांला पुस्तकात सापडेल तेच सांगितले. आता गेल्या दिवाळीची गोष्ट सांगतो. कारण हा लेख लिहायला मी बसलो तो तिच्यामुळे.

नरकचतुर्दशीच्या सकाळी, फराळ होतो न होतो तोच आमच्या अंगणात एक म्हातारी येऊन बसली. गावाबाहेरच्या वस्तीतली. मी तिला मावशी म्हणतो. तिच्या सासऱ्यापासून तिचे घर गायरानाचा चारेक एकराचा तुकडा कसत आले आहे. दगड वेचून, बांध घालून त्या माणसांनी त्या मुरमाची जमीन केली. पदराच्या गाठीतून तिने प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि म्हणाली, "गुरुजी, एवढं वाचून द्या. गायरान दुसऱ्या कामाला घेणार म्हणतेत. पोराला म्हणतेत, पुरावा आण. आन पोरगं तर चार रोजांनी कारखान्याला चाललंय."

गायरानाचा प्रश्न मराठवाड्यात जुना आहे. ज्यांच्या नावावर निजामाच्या दप्तरात एक गुंठाही नव्हता, त्यांनी पडीक सरकारी जमीन कसायला घेतली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. हजारो माणसे तुरुंगात गेली. २८ नोव्हेंबर १९९१ च्या सरकारी निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करायचे ठरले. तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाची. पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला, आणि ज्यांचे कागद पुरे झाले नव्हते त्यांच्या पोटात पुन्हा गोळा आला. कसता तुम्ही हे सगळे गाव पाहते. पण गाव पाहते हा पुरावा नव्हे. कागद पाहिजे.

मावशीच्या पिशवीत काय होते? नांगराला अडवल्याचे, दंड भरल्याचे, एकदा पोलिसांत नेल्याचे असे पंधरा-वीस कागद. आणि गंमत अशी, की हेच तिचे पुरावे. अमुक साली तू अतिक्रमण केलेस म्हणून सरकारने दंड केला, याचाच अर्थ अमुक साली तू तिथे होतीस असे सरकारने लिहून दिले! शिक्षेची पावती हाच हक्काचा दाखला. सगळ्यांत खाली एक पिवळा, घड्यांवर फाटलेला कागद होता. वर उर्दू छापील मजकूर, खाली हाताने लिहिलेल्या दोन मोडी ओळी.

मोडी मला येते, वडिलांनी शिकवली. मी चष्मा पुसून त्या ओळी लावू लागलो आणि पहिल्या शब्दालाच थांबलो. ते अक्षर माझ्या ओळखीचे होते. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या हातचे हिशेब आहेत. त्यांच्या 'ग'ची शेपटी खाली जाऊन पुन्हा वर वळते. आजोबा गावच्या पटवाऱ्याचे गुमास्ते होते. मावशीच्या सासऱ्याला गायरानात नांगर घातल्याबद्दल दोन रुपये दंड, अशी ती नोंद होती, आणि ती माझ्या आजोबांनी लिहिली होती.

मी काही वेळ बोललोच नाही. मावशी म्हणाली, "काय वंगाळ लिवलंय का, गुरुजी?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मुलाला घेऊन बीडला गेलो. तिथे माझ्या ओळखीचे एक निवृत्त उर्दू शिक्षक आहेत, वय ऐंशीच्या पुढे. दिवाळीचा फराळ मी नेला होता, तो त्यांनी आधी घरात पाठवला, मग कागद उजेडाला धरला. छापील भाग त्यांनी भराभर वाचला आणि म्हणाले, "सन १३५२ फसली. म्हणजे तुमचे १९४२-४३." मग हसून म्हणाले, "गुरुजी, आमची पिढी गेली की हे कागद मुके होतील. हल्ली रोज कोणी ना कोणी येते. सगळ्यांना निजामाच्या वेळचे काहीतरी वाचून हवे असते."

ते खरेच आहे. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीने मोडी आणि उर्दू दप्तरे चाळायला घेतली, आणि २ सप्टेंबर २०२५ ला सरकारने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घ्यायचा निर्णय काढला. त्याच्या बऱ्या-वाइटाचा वाद इथे नको. दिवाळीच्या ताटावर तो वाढण्यात अर्थ नाही. मला दिसते ते इतकेच, की ज्या राज्याविरुद्ध आम्ही लढलो, त्याच्याच दप्तरात आज आमची लेकरे आपले भविष्य शोधत आहेत. आणि १९४८ मध्ये ज्या शूर पोरांनी चावडीचे दप्तर जाळले, त्यांनी जुलमाचे हत्यार जाळले यात शंका नाही; पण त्या होळीत कोणाकोणाचे दाखलेही गेले असतील. जाळणाऱ्यांना कसे कळावे, की स्वराज्यातही कचेरी कागदच मागेल?

परतताना मावशीचा मुलगा म्हणाला, "गुरुजी, हे तर लई जुनं निघालं. साहेब म्हणतेत, नव्वदच्या आतलं पाहिजे." त्याचे बरोबर होते. मी त्याला म्हटले, नव्वदच्या आतल्या पावत्या तुझ्याकडे आहेतच. हा कागद त्यांच्या वर लाव. तुझा आजा तिथे होता, बाप तिथे होता, तू आहेस, अशी साखळी दिसू दे.

त्या रात्री, लक्ष्मीपूजन आटोपल्यावर, मी त्या मोडी ओळींचे स्वच्छ बाळबोध लिप्यंतर केले. खाली सही करताना लिहिले, 'मूळ नोंद लिहिणाऱ्याचा नातू.' कायद्याच्या दृष्टीने त्याला काही किंमत नाही, हे मला ठाऊक आहे. आजोबांना दोष द्यावा असेही मला वाटत नाही. त्यांनी लिहिले नसते तर दुसऱ्या कोणी लिहिले असते, आणि त्यांच्या चुलीचे काय झाले असते? पण छपरावरचा इंग्रज, माडीवरचा निजाम, असे आपण म्हणतो तेव्हा जिन्यावर बसून लिहिणारा माणूस आपल्या घरचा होता, हे विसरून चालत नाही. परकी सत्ता परक्या हातांनी फार थोडे लिहिते.

मावशी आली तेव्हा मी तिला सगळे सांगितले, अक्षर कोणाचे तेही. ती थोडी थांबली. मग म्हणाली, "मग चांगलं अक्षर होतं म्हणायचं. ऐंशी वर्षं टिकलं." आणि माझ्या हातातला कागद घेऊन तिने पुन्हा पिशवीत घातला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या रात्री तिचा मुलगा अर्ज देऊन, पोच घेऊन कोयत्याला गेला. ट्रक वेशीबाहेर थांबला होता. अमावास्या नुकतीच होऊन गेलेली. भालचंद्राच्या गावात चंद्राची बारीक कोर केव्हाच मावळली होती. पोरे गाठोड्यांवर झोपली होती. ट्रक सुरू झाला आणि त्याचे दिवे पाटोद्याच्या वाटेला लागले. पुढे जामखेड, पुढे आष्टी, पुढे नगर. तीनदा हद्द ओलांडायची. नाका नाही, शिपाई नाही, गाठोडे सोडून दाखवायचे नाही. अर्जाचा निकाल मी हे लिहीपर्यंत लागलेला नाही. मावशी यंदा कारखान्याला गेली नाही. गायरानात हरभरा पेरला आहे, राखायला कोणी पाहिजे म्हणून ती मागे राहिली.